धुरीकाकांच्या गाडीतलं मिसिंग

गॅरेजातल्या माझ्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण मी कुणाला उघडू देत नाही. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे आणि डब्यात फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू. बायकोला वाटतं, देवाचं काहीतरी असेल. मीही तसंच वाटू दिलंय. सात वर्षं झाली — त्या डब्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा बाकी सगळं बोललो, हे सोडून. देवापासून काय लपतं? माहीत आहे मला. तरी लपवलं.

तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. थोडे वळसे घेईन हं, आधीच सांगतो. सरळ सांगायला गेलो की जीभ अडकते. मनातल्या मनात कितीदा सुरुवात करून बघितलीय, दर वेळी दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीवर जाऊन थांबतो.

मी प्रकाश. भांडुपला माझं गॅरेज आहे, तीस वर्षांचं. एकटाच काम करतो. माझ्याकडे जुन्या गाड्या येतात, कार्बोरेटरवाल्या, ज्यांना बघून शोरूमची पोरं नाक मुरडतात त्या. मुलुंडहून येतात, कांजूरहून येतात, एक जण तर मालाडवरून यायचा. का यायचे? माझ्या कानासाठी. गाडी गेटातून आत वळते न वळते तोच मी सांगायचो — टायमिंग पुढे आहे, व्हॉल्व वाजतोय, सायलेन्सरला भोक पडलंय. हातात पाना घ्यायच्या आधी. लोक म्हणायचे, प्रक्या काय मेकॅनिक आहे, डॉक्टर आहे डॉक्टर! आणि मला ते ऐकायला आवडायचं. आवडायचं कसलं, च्यायला — त्याच्यावरच मी जगत होतो.

कान माझा, पण हात शिकवला तो गायकवाड मिस्त्रींनी. कुर्ल्याला त्यांच्याकडे मी सहा वर्षं होतो. मराठवाड्यातला माणूस, बोलणं कमी, पण जे बोलायचे ते डोक्यात बसायचं. त्यांचं एक वाक्य होतं. गाडी आली की म्हणायचे, "आधी पुस, मग पुस." पहिलं पुसणं फडक्यानं. दुसरं पुसणं म्हणजे विचारणं, त्यांच्याकडे तसंच म्हणतात. आधी इंजिन स्वच्छ कर, मग त्याला विचार, बाबा तुला काय होतंय. घाणीत फॉल्ट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी ते वाक्य घेतलं. म्हणजे अर्धं घेतलं. प्रत्येक गाडी आली की बॉनेट उघडायचं, रॉकेलचा बोळा फिरवायचा, मग कोरड्या फडक्यानं सगळं लख्ख करायचं. वायरी, कॉइल, कॅप, सगळं. सवयच पडली. हात आपोआप फडक्याकडे जायचा. गिऱ्हाईक खूष, मी खूष.

आता धुरीकाका. हे नाव लिहितानाच हात थांबला माझा.

काका आमच्या गावचे. राहायला मुलुंडला, मुलगा संदेश आणि काकूंबरोबर. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. काम काय, तर फॉल्ट शोधायचं. कानाला रिसिव्हर लावून लाईन ऐकायची आणि सांगायचं, अमुक खांबापाशी पाणी शिरलंय. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कानावर भाकरी खाल्ली. माझ्यासारखीच. हे मला तेव्हा सुचलं नाही, बघा. आम्ही दोघं एकाच धंद्यातले होतो.

त्यांची एक जुनी पांढरी गाडी होती. रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतलेली, पण काय जपायचे तिला! काकूंना घेऊन दर रविवारी बाजार, महिन्यातून एकदा घोडबंदरच्या बाजूला चक्कर. सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले. मालवणीतच बोलायचे माझ्याशी. "प्रकाश, गाडी मिसिंग मारता रे. पाऊस पडलो काय मारता."

मिसिंग म्हणजे काय, तर चार प्लगांपैकी एखादा मधेच पेटत नाही. ठोका चुकतो. गाडी गचके देते, आवाजात खड्डा पडल्यासारखा होतो. मी बॉनेट उघडलं, सवयीनं पुसलं, गाडी चालू केली. शिवणयंत्रासारखी चालली. मी म्हटलं, काका, काही नाही. तरी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. काका गेले.

आठवड्यानं परत. "येताना पाच मिनटां मारल्यान." मी परत बॉनेट उघडलं, परत पुसलं, परत चालू केली. काही नाही. असं किती वेळा झालं? पाच? सहा? पाऊस झाला की काका हजर. आणि माझ्यासमोर गाडी एकदम शहाणी. माझी चिडचिड व्हायला लागली. राग गाडीचा नव्हता, त्यांच्या चेहऱ्याचा होता. ते मान तिरकी करून ऐकायचे आणि हळूच म्हणायचे, आता नाय मारणा, पण मारता. माझ्या गॅरेजमध्ये उभं राहून माझ्या कानावर शंका! असं वाटायचं मला. खरंच वाटायचं.

एकदा तर — हे ऐका, हे महत्त्वाचं आहे — एकदा मी फडकं उचललं आणि काकांनी माझा हात धरला. म्हणाले, "अरे, पुसतस कित्याक? ओल्यातच बघ ना. सुकल्यावर फॉल्ट खय गावतलो?" त्यांच्या खात्यात लाईनीचा फॉल्ट पावसातच शोधायचे म्हणे, ऊन पडलं की लाईन चांगली वाजायची आणि माणूस वेडा ठरायचा. अगदी हेच म्हणाले. मी हसलो. म्हटलं, काका, तुमचा टेलिफोन वेगळा, माझं इंजिन वेगळं. आणि पुसलं.

इथपर्यंत मी नुसता चुकलेलो आहे, खोटा नाही. चूक कुणाचीही होते. गुन्हा पुढे आहे.

एका शनिवारी काकांबरोबर संदेश आला. वांद्र्याला मोठ्या ऑफिसात आहे, चांगला पोरगा, वडलांची काळजी करणारा. त्याला वाईट म्हणू नका. काकांचं तेव्हा थोडं विसरणं सुरू झालं होतं. एकदा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला, एकदा बाजारातून पिशवी न घेताच आले. सत्तरीच्या पुढे कोण विसरत नाही? पण संदेशच्या मनात भीती शिरली होती. काका नळावर हात धूत होते, तेवढ्यात त्यानं मला बाजूला घेतलं. प्रकाशदादा, खरं सांगा ना, गाडीत काही आहे का? की बाबांनाच तसं वाटतं?

काय सांगायला पाहिजे होतं? "मला सापडत नाहीये." तीन शब्द. मेलो नसतो ना मी ते बोलून? पण मी प्रकाश! मला सापडत नाही म्हणजे नाहीच. मी फडकं खांद्यावर टाकलं आणि हसून म्हटलं, "संदेश, मिसिंग गाडीत नाही रे, वरच्या मजल्यावर आहे." आणि बोटानं डोकं दाखवलं.

संदेश आधी हसला. मग त्यानं नळाकडे बघितलं. आणि नळाचं पाणी बंद झालं होतं — ते माझ्या लक्षात आलं. काका आमच्याकडे पाठ करून उभे होते, ओले हात तसेच धरून. त्यांचे कान चांगले होते हो. एकदम चांगले.

तो विनोद घरी गेला. मी टाकलेला, म्हणून वजनदार. काका काही बोलले, की गॅलरीत पाणी ठिबकतंय, की बेल वाजली, तर घरात कुणीतरी हसून म्हणायचं, वरचा मजला! काकू स्वतः मला हे सांगायच्या, आणि त्यांच्याबरोबर मीही हसायचो. मग काकांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना संदेशनं सांगितलं, नसलेले आवाज ऐकतात, मेकॅनिकसुद्धा म्हणाला गाडीत काही नाही. गोळ्या सुरू झाल्या. चावी कुणी हिसकावली नाही. काकांनी एके सकाळी स्वतःच ती खिशातून काढून टीव्हीपाशी ठेवली आणि परत उचलली नाही.

श्रावणात संदेश गाडी माझ्याकडे सोडून गेला. कंपाउंडमध्ये दिसली की बाबा खिडकीत उभे राहतात, तुम्हीच ठेवा, कुणाला हवी तर द्या, म्हणाला. मी ती गॅरेजच्या मागे लावली. वर प्लॅस्टिक टाकलं. ते फाटकं होतं.

मग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी मागे एक टेम्पो लावायचा होता, जागा पाहिजे होती. घाईत होतो. बॉनेट नाही उघडलं, फडकं नाही घेतलं, सरळ बसलो आणि चावी फिरवली.

गाडी मिसिंग मारत होती.

एक ठोका, दोन, तीन — खड्डा. एक, दोन, तीन — खड्डा. मी सीटवर बसून राहिलो. टेम्पोवाला मागून हॉर्न मारतोय, आणि मी ऐकतोय.

गाडी तशीच चालवत आत आणली. भर दुपारी शटर खाली ओढलं, दिवा बंद केला. काच पुसायची पाण्याची फवाऱ्याची बाटली असते ना, ती घेतली आणि बॉनेटखाली फवारा मारला. अंधारात एक निळी रेघ धावली. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरून. ती काळी टोपी असते, वाटीएवढी, तिच्यातून चार वायरी निघतात आणि करंट चार प्लगांना वाटला जातो. तिला केसाएवढी चीर होती. कोरडी असली तर काही नाही. ओल बसली की करंट प्लगकडे न जाता त्या चिरेतून पळायचा. मी फडक्यानं कॅप पुसली. आवाज लख्ख. फवारा मारला, मिसिंग. पुसली, लख्ख. परत फवारा. परत पुसली. कितीदा केलं आठवत नाही. गॅरेज धुरानं भरलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा शटर वर केलं.

म्हणजे काका प्रत्येक वेळी पुरावा घेऊन यायचे. आणि मी प्रत्येक वेळी तो पुसून टाकायचो. मग वर त्यांनाच वेडा ठरवायचो.

भांडुप ते मुलुंड, रिक्षानं पंधरा मिनिटं. कॅप खिशात घालून जायचं होतं. काका, तुम्ही बरोबर होता, एवढं बोलायचं होतं. मी चप्पलसुद्धा घातली, बरं का. मग उभा राहिलो. म्हटलं, संदेश काय म्हणेल? डॉक्टर, गोळ्या, चावी, सगळं माझ्या एका वाक्यावर उभं. भांडुपभर होईल, प्रक्याला एक कॅप सापडली नाही, म्हाताऱ्याला सापडली. दोन दिवस लोक हसले असते. दोनच दिवस! तेवढ्याची मला भीती वाटली. दुसऱ्या कशाची नाही.

मी नवी कॅप बसवली. गाडी दुसऱ्याच महिन्यात कल्याणच्या एका माणसाकडे गेली. जुनी कॅप फेकायला म्हणून उचलली आणि फेकता येईना. तीच आहे त्या डब्यात.

हे झालं. पण तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही. मी अजून कडेकडेनंच फिरतोय.

दिवाळीच्या आधी काका आले. चालत. एकटे. मुलुंडवरून चालत आले, अंगात स्वच्छ शर्ट, हातात छत्री, आभाळ मोकळं असूनसुद्धा. टेबलासमोर स्टुलावर बसले. बरोबर त्यांच्या गुडघ्यासमोर तो खण. थोडा वेळ गावच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी टेबलाची कड धरली आणि विचारलं, "प्रकाश, तुझो कान मोठो. माका जो आवाज येय, तो खरो होतो काय रे? की मी खुळो झालंय?"

चेष्टा नव्हती, राग नव्हता. त्यांना माहीत करून घ्यायचं होतं. स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे विचारायला तो माणूस माझ्याकडे आला होता. आख्ख्या मुंबईत माझ्याकडे. कारण मी सांगितलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं.

आणि मला माहीत होतं. आता मला माहीत होतं! आधी मी चुकलो होतो. आता मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "गाडी ठणठणीत होती, काका."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "बरा झाला. म्हणजे डॉक्टर बरोबर. आता मनाक तसाच समजावतलंय." माझ्या हातावर हात ठेवून थोपटलं आणि वर म्हणाले, खरं सांगितलंस, बरं केलंस. आभार मानले हो माझे. छत्री उचलली आणि गेले. मी त्यांना रिक्षासुद्धा करून दिली नाही.

हा माझा गुन्हा. लिहिला एकदाचा.

पुढचं मी केलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण मीच केलं. वर्षभरानं काकू बाथरूममध्ये पडल्या. घरात काका एकटेच, हॉलमध्ये खुर्चीवर. संदेश यायला पाऊण तास गेला. तोवर काकू ओल्या लादीवर, खुबा मोडलेला. मी भेटायला गेलो, सफरचंदं घेऊन. काकू पलंगावरून म्हणाल्या, हाका मारून मारून घसा सुकला माझा. संदेश खिडकीबाहेर बघत होता. आणि काका मला म्हणाले, अगदी सहज, गुन्हा कबूल करतात तसं नव्हे, हिशेब समजावतात तसं — "धप्प करून आवाज इलो. हाक पण ऐकलंय. मी म्हटलंय, भास असतलो."

ऐकू आलं होतं त्यांना. सगळं ऐकू आलं होतं. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ते बसून राहिले, कारण मेकॅनिकनं सांगितलं होतं की जे ऐकू येतं ते नसतं. तेव्हा तरी बोलायचं होतं. संदेशसमोर, काकूंसमोर, त्यांच्यासमोर. मी काय केलं? सफरचंदं फ्रीजमध्ये ठेवून येतो म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

काकू त्यानंतर दोन वर्षं होत्या, वॉकरवर. रविवारचा बाजार गेला, घोडबंदर गेलं. मग त्या गेल्या. काकांचं विसरणं आता खरोखरचं आहे. संदेशला कधी कधी भाऊ समजतात. ते माझ्यामुळे का, आपोआप झालं असतं का? डॉक्टर म्हणतील वयोमान. मी डॉक्टर नाही. लोक म्हणायचे तेवढंच.

ह्या गणपतीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. जातो मी, वर्षातून दोन-चारदा. का जातो ते विचारू नका, मलाही माहीत नाही. संदेश आरतीच्या तयारीत होता. काका खिडकीपाशी बसलेले, मी शेजारी चहा घेऊन. सकाळभर पाऊस पडून गेला होता. काकांना आता एक सवय लागलीय — कुठलाही आवाज झाला, कुकरची शिट्टी, बेल, काहीही, की ते आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतात. समोरच्यानं ऐकलं असेल तरच वळतात. घरातल्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांना ते दुखण्यातलंच एक वाटतं. मला माहीत आहे ते कुठून आलं.

खाली कंपाउंडमध्ये कुणीतरी जुनी गाडी चालू केली. ओली, रात्रभर उघड्यावर राहिलेली. काकांचं बोट खुर्चीच्या हातावर हलायला लागलं. टक, टक, टक — खड्डा. टक, टक, टक — खड्डा. चेहऱ्यावर काहीतरी आलं, जुनं, रिसिव्हर कानाला लावल्यावर यायचं असेल तसं. मग बोट थांबलं. त्यांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं नाव त्यांना आठवत नसेल. पण वाट बघत होते.

एक "होय काका" पुरलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी कपात बघितलं. थोड्या वेळानं त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला आणि दाबून धरला. खाली गाडी मिसिंग मारत होती. मला स्वच्छ ऐकू येत होतं.